एअरफिक्सचं १/७२ ‘डॅमबस्टर’ लँकेस्टर: किट चांगलं, पण विमान नेमकं कोणतं ते तुम्ही ठरवायचं

१६-१७ मे १९४३ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रनची १९ लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं स्कॅम्प्टनहून जर्मनीतल्या धरणांवर गेली. म्योने आणि एडर ही दोन धरणं फुटली, झोर्पेचं नुकसान झालं पण ते टिकलं. १९ पैकी ८ विमानं परत आली नाहीत. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) लँकेस्टर बी ३ स्पेशल हे प्लास्टिकचं किट त्याच विमानांचं आहे. साचा २०१३ सालचा. मॉडेल पूर्ण झालं की पंखांचा पसारा ४३२ मिलिमीटर आणि लांबी साधारण २९४ मिलिमीटर भरते, त्यामुळे घेण्याआधी कपाटाची फळी मोजून ठेवा.

पैसे वसूल होतात का? नक्की होतात. पण डब्यातून मिळतं ते लँकेस्टरचं एक मॉडेल. अचूक मॉडेल हवं असेल तर नुसतं लँकेस्टर बनवून भागत नाही. स्क्वाड्रनचा प्रमुख गाय गिब्सन याचं ईडी९३२ नंबरचं विमान, कोड एजे-जी, आणि तेही १६ मेच्या संध्याकाळी रात्री ९:३९ च्या उड्डाणाआधी धावपट्टीकडे निघालेलं, इतकं नेमकं ठरवावं लागतं. एकदा विमान आणि दिवस ठरला की प्रॉपेलरपासून काजळीपर्यंतच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शोधता येतं. ते ठरलं नसेल तर वेगवेगळ्या सालांचे तुकडे एकाच मॉडेलवर गोळा होतात, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

आधी प्लास्टिकबद्दल. या किटची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे धडातून आरपार जाणारे स्पार, म्हणजे पंखांच्या आतले आडवे दांडे. पंख त्यांच्यावर चढतात, त्यामुळे पंखांचा कोन आपोआप बरोबर येतो आणि मुळाशी सांधा भक्कम होतो. लँकेस्टरच्या पंखाचा मधला भाग, आतल्या इंजिनांपर्यंतचा, सपाट आहे आणि बाहेरचा भाग वर उचललेला आहे. जुन्या किटांमध्ये हाच कोन हाताने साधावा लागे आणि एक पंख पडका राहून जाई. इथे तो त्रास नाही. मात्र स्पार बसवण्याआधी खाचेतला रंग आणि स्प्रूचे (ज्या प्लास्टिकच्या चौकटीला भाग जोडलेले येतात तिचे) उरलेले टोक खरवडून काढा. तिथे अर्धा मिलिमीटर राहिला तर पंखाच्या टोकाला तो तीन-चार मिलिमीटर होऊन दिसतो.

इंजिनांच्या घरांना वेळ द्यावा लागतो. चार इंजिनं, प्रत्येकाचे दोन अर्धे भाग, आणि आतल्या दोघांमध्ये चाकांचे पाय. सरळ चिकटवत गेलात तर चारही प्रॉपेलरचे आस एका दिशेला बघत नाहीत. आधी चारही घरं कोरडीच बसवून मास्किंग टेपने धरा, मॉडेल डोळ्यांच्या उंचीवर आणून समोरून बघा, आणि मगच पातळ सिमेंट सांध्यात सोडा. सांध्याला पुट्टी लागतेच. ६०० आणि मग १००० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून फिरवा. पत्र्याच्या जोडांच्या कोरीव रेषा या प्रमाणाला किंचित रुंद वाटतात. ०.१ मिलिमीटरची रेष म्हणजे खऱ्या विमानावर ७ मिलिमीटरची फट. प्रायमरचे दोन पातळ हात दिले की रेषा बऱ्याच मऊ होतात, बुजवत बसायची गरज नाही. शेपटावर बसणारं विमान असल्यामुळे नाकात वजन भरायचं नाही. चाकं अगदी शेवटी.

कॉकपिटमध्ये काचेतून दिसणारा भाग काळा ठेवा. किटात आतलं सामान बरंच दिलंय, पण धड बंद झालं की त्यातलं थोडंच दिसतं. आसनांच्या पट्ट्यांचे छापील धातूचे सेट वेगळे मिळतात. पैसे मोजून घ्यायचंच असेल तर त्याऐवजी काचेचे कापलेले मास्क घ्या. लँकेस्टरच्या कॅनपीच्या (कॉकपिटवरच्या काचेच्या छताच्या) चौकटी हाताने टेप कापून रंगवणं म्हणजे दोन संध्याकाळी खर्च.

आता शोधाशोध. पुराव्यांची उतरंड आधी डोक्यात पक्की करा. पहिला नंबर त्या विमानाच्या त्या काळातल्या फोटोचा. दुसरा कागदपत्रांचा. तिसरा आज शिल्लक असलेल्या इतर लँकेस्टरांचा. डब्यावरचं चित्र आणि इतरांची मॉडेलं सगळ्यात शेवटी. दुसऱ्याच्या मॉडेलवरून मॉडेल बनवलं की त्याची चूकही आपल्या घरी येते, आणि ती चूक आहे हे कळायला काहीच मार्ग उरत नाही.

फोटोंसाठी लंडनच्या इम्पीरिअल वॉर म्यूझिअमचा ऑनलाइन संग्रह सर्वांत उपयोगी. एजे-जीच्या पोटाखाली बॉम्ब टांगलेला फोटो तिथेच बघायला मिळतो. इंग्लंडमधल्या रेकल्व्हरच्या किनाऱ्यावर झालेल्या बॉम्बच्या चाचण्यांचं चित्रीकरणही उपलब्ध आहे, पण ते वापरताना सावध राहा. चाचण्यांतली विमानं वेगळी होती आणि सुरुवातीचे बॉम्बही वेगळे होते. फोटोखालची ओळ वाचून विश्वास ठेवण्याआधी धडावरचा नंबर स्वतः वाचा.

कागदपत्रांसाठी लंडनमधल्या क्यू इथलं नॅशनल आर्काइव्ह्ज. स्क्वाड्रनच्या कामगिरीची नोंदवही एआयआर २७ या मालिकेत आहे आणि ६१७ ची फाइल एआयआर २७/२१२८. त्यात दोन प्रकारचे फॉर्म असतात. फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा, फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक विमानाचा नंबर, त्यातली माणसं, निघाल्याची आणि परतल्याची वेळ. मॉडेल करणाऱ्याला ५४१ हवा. त्यातून रंग किंवा प्रॉपेलर कळत नाही, पण कोणतं विमान कोणत्या रात्री कुठे होतं ते कळतं, आणि फोटोची तारीख ताडून बघायला दुसरं साधन नाही. नोंदी नंतर टाइप केलेल्या असतात, नंबराचा एखादा आकडा चुकलेला सापडतो. म्हणून नंबर आणि वैमानिकाचं नाव दोन्ही जुळतात का ते पाहा.

शिल्लक विमानांबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या हल्ल्यासाठी बदललेल्या, म्हणजे टाइप ४६४ प्रोव्हिजनिंग या नावाच्या, २३ लँकेस्टरांपैकी आज एकही नाही. ब्रिटनमध्ये अजून उडणारं पीए४७४ हे १९४५ सालचं विमान आहे. त्याचे फोटो हजारोंनी मिळतात, म्हणूनच ते घात करतं. त्याच्या प्रॉपेलरची पाती रुंद आहेत, वल्ह्यासारखी. १९४३ च्या मे महिन्यात एजे-जीला अरुंद, टोकाकडे निमुळती होणारी पाती होती. किटच्या स्प्रूवरची पाती हातात घेऊन फोटोशी ताडा आणि मगच चिकटवा. लंडनमधल्या हेंडनच्या संग्रहालयातलं आर५८६८ आणि ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराचं डब्ल्यू४७८३ ही दोन्ही १९४२ सालची, त्यामुळे काळाच्या दृष्टीने जवळची. चाकांचे पाय, चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, शेपटाकडचं चाक, यांच्यासाठी त्यांचे जवळून काढलेले फोटो जमवा. पण धडावरच्या छोट्या चौकोनी खिडक्यांची रांग, नाकाखालच्या काचेच्या घुमटाची खोली, इंजिनांच्या धुराड्यांवरची झाकणं, या तीन गोष्टी उत्पादनाच्या काळात बदलत गेल्या. त्या फक्त ईडी मालिकेतल्या विमानांच्या फोटोंवरून ठरवा.

टाइप ४६४ मध्ये काय बदललं होतं? पाठीवरचा टरेट (मशीनगनचा फिरता घुमट) काढून तिथे पत्रा लावला होता. बॉम्ब बेचे, म्हणजे पोटातल्या बॉम्बच्या कप्प्याचे, दरवाजे काढून पुढची आणि मागची बाजू आच्छादनांनी बंद केली होती, मधला भाग उघडा. नाकातल्या टरेटमध्ये पूर्ण वेळ एक माणूस बसायचा आणि त्याचे पाय खाली झोपलेल्या बॉम्बफेक्याला लागू नयेत म्हणून रिकिबी बसवल्या होत्या. एच२एस रडारचा घुमट नाही. दुसऱ्या लँकेस्टरांचे फोटो बघून तो लावण्याचा मोह अनेकांना होतो.

आणि मुख्य वस्तू, अपकीप. ब्रिटिश अभियंता बार्न्स वॉलिसने आखलेला, पाण्यावर उड्या मारत धरणापर्यंत जाणारा हा बॉम्ब. लांबी ६० इंच, व्यास ५० इंच, वजन सुमारे ९,२५० पौंड, त्यात ६,६०० पौंड टॉरपेक्स हे स्फोटक. १/७२ मध्ये लांबी २१.२ मिलिमीटर आणि व्यास १७.६ मिलिमीटर. कोणतंही इंची माप ०.३५३ ने गुणलं की थेट मिलिमीटर मिळतात. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, कॅलिपर जवळ ठेवा आणि स्प्रूवरचा बॉम्ब मोजूनच कापा.

आकाराबाबत गोंधळ जुना आहे. सुरुवातीच्या रचनेत आतल्या पोलादी पिंपाभोवती लाकडाचं वेष्टण होतं आणि सगळं मिळून गोल होत होतं. १९४३ च्या एप्रिलमधल्या चाचण्यांमध्ये पाण्यावर आपटताच लाकूड फुटून उडालं, आणि उघडं पिंप मात्र उड्या मारत गेलं. म्हणून हल्ल्यात वापरला तो नुसता पोलादी दंडगोल. युद्धानंतरही खरा आकार बरीच वर्षं गुपित होता, त्यामुळे १९५५ च्या प्रसिद्ध चित्रपटात बॉम्ब गोलसर दाखवला गेला आणि जुन्या मॉडेलांतही तीच समजूत उतरली. तेव्हा लाकडी फळ्या नाहीत, फुगीर पोट नाही. सपाट टोकांचं पिंप. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स संग्रहालयात खरा अपकीप ठेवलेला आहे. त्याचे समोरून आणि बाजूने काढलेले फोटो मिळवा आणि पृष्ठभाग त्यावरून करा. रंग गडद आणि निस्तेज ठेवा. कृष्णधवल फोटोतल्या करड्या छटेवरून हिरवा की काळा यावर कोणी ठाम बोलत असेल तर त्याने नवा पुरावा दाखवायला हवा.

बॉम्बच्या दोन्ही बाजूंना व्ही आकाराचे हात येतात. प्रत्येक हाताच्या टोकाला फिरणारी चकती, ती बॉम्बच्या टोकातल्या खोबणीत अडकते. एका बाजूच्या चकतीला विमानाच्या पोटातल्या हायड्रॉलिक मोटरवरून पट्टा येतो आणि टाकण्याच्या साधारण दहा मिनिटं आधीपासून बॉम्ब मिनिटाला ५०० फेऱ्यांनी उलटा फिरवला जातो. हात मोकळे होऊन बाहेर उघडले की बॉम्ब खाली पडतो. इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, हात थोडे जरी तिरके चिकटले तर बॉम्ब एका बाजूला कलंडतो आणि पुढून बघताना लगेच डोळ्यात येतो. उपाय सोपा आहे. बॉम्ब आणि दोन्ही हात आधी कोरडे जोडून, रबर बँडने धरून, सगळा जुडगा एकदमच पोटाला बसवा. सिमेंट संथ सुकणारं वापरा म्हणजे सरळ करायला पाच मिनिटं मिळतात. फेविक्विक इथे नको. दुसरी गोष्ट पट्ट्याची. पट्टा प्लास्टिकमध्ये जाड वाटला तर तो तासून टाका आणि टेपची अर्धा मिलिमीटर रुंद पट्टी काळी रंगवून ताणून लावा. पट्टा फक्त एकाच बाजूला असतो. फोटोत ती बाजू ओळखा, कारण उलट छापलेले फोटोही फिरत असतात. बाजू ठरवताना धडावरची अक्षरं सरळ वाचता येतात का ते आधी बघा.

उंची मोजायचे दिवे हा आणखी एक भाग, जो अनेक जण विसरतात. पाण्यावरून बरोबर ६० फुटांवरून उडायचं होतं आणि रात्री साध्या उंचीमापकावर इतका भरवसा नव्हता. म्हणून दोन आल्डिस दिवे लावले, एक नाकाखाली डाव्या बाजूच्या कॅमेऱ्याच्या भोकात आणि एक बॉम्ब बेच्या मागे. दोघांचे झोत उजवीकडे वळवलेले, ६० फुटांवर पाण्यावर एकमेकांना चिकटून इंग्रजी आठाचा आकडा तयार होई आणि कॉकपिटच्या उजव्या फुगीर काचेतून नेव्हिगेटर तो बघून वैमानिकाला वर-खाली सांगे. मॉडेलवर १ मिलिमीटरच्या ड्रिलने दोन्ही जागी उथळ भोक पाडा, आत चंदेरी रंगाचा ठिपका, वर पारदर्शक गोंदाचा थेंब. काम दहा मिनिटांचं आहे आणि त्यामुळे हे लँकेस्टर बाकीच्यांपासून वेगळं ओळखू येतं.

रंग साधे आहेत. वर डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ, बाजूला आणि खाली रात्रीचा काळा. काळा धडावर बराच वरपर्यंत चढतो आणि त्याची हद्द सरळ. हंब्रॉलचे ३० (हिरवा) आणि २९ (मातकट), किंवा हिरव्यासाठी तामियाचा एक्सएफ-८१ चालतो. दोन वरच्या रंगांमधली कडा मऊ करू नका. खऱ्या विमानावर एक इंच फवारा सांडला असेल तर या प्रमाणात तो ०.३५ मिलिमीटर होतो, म्हणजे टेप लावून केलेली कडा जवळपास बरोबरच. काळ्यासाठी शुद्ध काळा नको, त्यात सगळा तपशील बुडतो. तामियाचा एक्सएफ-६९ पायाला घ्या आणि फटींमध्येच गडद करा.

डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं, लावण्याआधी मोजा. धडावरचं गोल चिन्ह सी-१ प्रकारचं, ५४ इंची. मॉडेलवर बाहेरचा पिवळा १९ मिलिमीटर, निळा १६.९, पांढरा ८.५, मधला लाल ६.३५. म्हणजे पांढरं आणि पिवळं, दोन्ही कडी जेमतेम एकेक मिलिमीटर जाड. पट्टी लावून बघितलं की डिकलचं शीट बरोबर छापलंय का ते कळतं. पंखावर वर फक्त लाल-निळं, पांढरं नाही. पंखाखाली काहीच नाही. अक्षरं आणि नंबर निस्तेज लाल, गोल चिन्हातल्या लालसारखेच. लाल भडक छापलेला असेल तर लावून झाल्यावर अतिशय पातळ तपकिरी हात द्या. आणि नंबराच्या शेवटी /जी हे अक्षर हवंच, ईडी९३२/जी. त्याचा अर्थ हे विमान कायम पहाऱ्यात ठेवायचं. नंबराची अक्षरं ८ इंच उंच, म्हणजे २.८ मिलिमीटर.

मळवण्याचा हात आवरा. ईडी९३२ स्क्वाड्रनकडे एप्रिल १९४३ च्या अखेरीस आलं, हल्ल्याच्या दिवशी जेमतेम अडीच आठवड्यांचं. त्याच्यावर रंगाचे पोपडे, मोहिमांच्या बॉम्बच्या खुणा, तेलाचे ओघळ यातलं काहीच शोभत नाही. सरावात खूप खालून उड्डाणं झाली होती, तेव्हा इंजिनांमागे पंखावर करड्या-तपकिरी काजळीचा हलका फवारा, चाकांना थोडी माती, एवढंच. किट बनवणाऱ्यांचा सर्वाधिक उत्साह इथेच वाया जातो.

एजे-जी सोडून दुसरं विमान करायचं असेल तर अभ्यास पुन्हा पहिल्यापासून. त्याच स्क्वाड्रनचा वैमानिक मॅकार्थी याचं मूळ विमान ऐनवेळी बिघडलं आणि तो एजे-टी, ईडी८२५ घेऊन गेला. ते आधी चाचण्यांतलं विमान होतं आणि स्कॅम्प्टनला त्याच दिवशी पोचलं होतं, त्यामुळे एजे-जीचे फोटो बघून एजे-टी करू नये. झोर्पेवर त्याने बॉम्ब न फिरवताच टाकला. परतलेलं विमान दाखवायचं तर पोट रिकामं आणि हात उघडे, पण तेही सरसकट नाही. दुसरा वैमानिक मन्रो याच्या एजे-डब्ल्यूचा रेडिओ तोफांच्या माऱ्यात गेला आणि ते बॉम्बसकट उतरलं. राइसचं एजे-एच पाण्याला घासलं, बॉम्ब तिथेच तुटून गेला.

आपल्याकडे हे किट बांधताना हवेचाही विचार करा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात, गोव्यात फवाऱ्याचं वार्निश दमट हवेत पांढरं पडतं आणि काळ्या पोटावर ते सगळ्यात जास्त दिसतं. जून ते सप्टेंबर प्लास्टिकचं काम करा, काचा मास्क करा, शेवटचा मॅट हात ऑक्टोबरसाठी ठेवा. घाई असेल तर पाण्याचं अॅक्रिलिक मॅट वार्निश, पातळ करून, पंख्याखाली.

बैठकीवर पाटी लिहिणार असाल तर विमानाचा नंबर आणि तारीख यांच्याबरोबर ५३ मृत वैमानिक-सैनिकांचा आकडा लिहा, आणि पुराच्या पाण्यात खालच्या खोऱ्यात तेराशेहून अधिक माणसं गेली, त्यांत पूर्व युरोपातून वेठीला आणलेले कामगार मोठ्या संख्येने होते, हेही लिहा. ही माहिती नंबराइतकीच त्या रात्रीच्या इतिहासाचा भाग आहे.

उडतं दाखवायचं तर चाकं मिटलेली, प्रॉपेलरच्या जागी पारदर्शक चकत्या, आणि विमान पाण्यापासून किती वर ठेवायचं याचं उत्तर हिशेबातच आहे. ६० फूट भागिले ७२, म्हणजे बरोबर १० इंच. २५४ मिलिमीटरची पितळी सळई कापा. पंखांचा पसारा त्याच्या साधारण १.७ पट आहे. मॉडेल सळईवर चढवून बाजूने बघा, म्हणजे ६० फूट हा आकडा डोळ्यांना कळतो.